खानदेशातली रानफुलं जलरंगात: पहिल्या चित्रापर्यंतच्या पायऱ्या

रानफुलांचं चित्र शिकायला बसलेला माणूस बहुतेक वेळा रंगांची डबी उघडूनच सुरुवात करतो. पळस केशरी, बहावा पिवळा, केना निळा, एवढं ठाऊक असलं की हात चालायला लागतो. चित्र फसतं ते मात्र रंगामुळे नाही. पाकळ्या पाचाच्या सहा होतात, पान खोडाला भलत्याच ठिकाणी चिकटतं, कळी फुलाच्या मानाने मोठी होते, आणि झाड ओळखणाऱ्याला ते झाड कोणतं हेच सांगता येत नाही. म्हणून क्रम असा ठेवा: आधी मोजणं, मग रेखणं, रंग सगळ्यात शेवटी.

दुसरी गोष्ट आपल्या हवेची. जलरंग शिकवणारे बरेचसे व्हिडिओ थंड, दमट मुलखातले असतात. तिथे कागद बराच वेळ ओला राहतो आणि शिकवणारा निवांत रंग सोडत बसतो. जळगाव-भुसावळकडे मार्चच्या दुपारी तोच वॉश (पाण्यात पातळ केलेल्या रंगाचा थर) बघता बघता सुकतो आणि पाकळीच्या मध्यावर कडक रेघ उमटते. नवख्याला वाटतं, आपला हात वाईट. हात ठीक असतो, वेळ आणि कागद भिजवण्याची पद्धत चुकलेली असते.

कोणतं फूल, केव्हा

आपल्याकडे फुलांचा हंगाम सणांवरून सहज लक्षात राहतो. होळीच्या आसपास पळस, काटेसावर आणि सातपुड्याच्या उतारावर धायटी. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमारास बहावा. पहिल्या पावसानंतर काळ्या मुसळीची जमिनीलगतची छोटी पिवळी फुलं. श्रावणात, कानबाईच्या दिवसांत बांधावर केना, झुडपांवर चढलेली कळलावी, तोरणमाळकडे तेरडा. दसऱ्याच्या आगेमागे कुर्डू, तुंबा आणि मुरमाड माळावर विष्णुक्रांता. तरवड पावसाळ्यात आणि त्यानंतरही बराच काळ फुललेला सापडतो.

पहिल्या चित्रासाठी पळस घ्या. फूल मोठं, रचना स्पष्ट, शिवाय ताजी फुलं झाडाखाली पडलेली मिळतात, तोडावी लागत नाहीत. विष्णुक्रांतेचं फूल जेमतेम सेंटिमीटरभर असतं. सुंदर असलं तरी ते पहिल्या वर्षी हाती घेऊ नये.

देशी फुलांची मालिका करायची असेल तर काही पाहुणे ओळखून बाजूला ठेवा. घाणेरी, गाजरगवत आणि पिवळा धोतरा ही तिन्ही अमेरिका खंडातून आलेली आहेत. पळसाच्याच दिवसांत गुलाबी फुलणारं गिरिपुष्प तिकडचंच, आणि गुलमोहर मादागास्करचा. ही झाडं इतकी अंगवळणी पडली आहेत की नवखा माणूस हमखास त्यांच्यापासूनच सुरुवात करतो.

यावल, अनेर धरण आणि गौताळा औट्रमघाट ही अभयारण्यं आहेत. पाटणादेवीचा परिसर गौताळ्यातच येतो. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार अभयारण्यातून परवानगीशिवाय झाड, फूल, कंद काहीही नेता येत नाही. तिथे बसून रेखाटा, मोजा, फोटो घ्या. बांधावरचा केना किंवा कुर्डू एखादा तोडायला हरकत नाही, पण शेतमालकाला विचारून. खरचुडी आणि जमिनीवरच्या आमरी (ऑर्किड) दुर्मीळ आहेत, त्यांना हात लावू नका. त्यांची नेमकी जागाही चित्राखाली लिहू नका, कारण कंद उकरणारे लोक अशी माहिती शोधत असतात.

सामान

कागदावर पैसे खर्च करा, बाकी ठिकाणी वाचवा. ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा), शंभर टक्के कापसाचा कागद लागतो. बारीक तपशिलासाठी गुळगुळीत पृष्ठाचा म्हणजे हॉट प्रेस्ड, मोकळ्या कामासाठी दाणेदार कोल्ड प्रेस्ड. लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद दोन थर सोसतो, तिसऱ्याला पृष्ठभाग सोलून बोंदऱ्या निघतात. साधारण २८ × ३८ सेंमीचा तुकडा पळसाच्या एका घोसाला पुरतो.

रंग सात पुरेत. ट्यूबवर बारीक अक्षरात रंगद्रव्याचा क्रमांक छापलेला असतो, तो बघून घ्या. नावं कंपनीगणिक बदलतात, क्रमांक बदलत नाही. थंड पिवळा (पीवाय १५४), उबदार पिवळा (पीवाय ६५), शेंदरी लाल (पीआर २५५), क्विनाक्रिडोन गुलाबी (पीव्ही १९), अल्ट्रामरीन निळा (पीबी २९), थॅलो निळा (पीबी १५) आणि बर्न्ट सिएना (पीबीआर ७). अस्सल अ‍ॅलिझरिन क्रिमसन (पीआर ८३) आणि चमकणारा ऑपेरा गुलाबी टाळा. दोन्ही उजेडात विटतात, आणि भिंतीवर लावलेलं तेरड्याचं चित्र काही वर्षांत फिकट पडतं. काळा आणि पांढरा रंग मुद्दामच यादीत नाही.

ब्रश तीन: गोल २, ४ आणि ६ नंबर. सिंथेटिक चालतात. दुकानातच पाण्यात बुडवून झटकून बघा. टोक एका बिंदूवर आलं नाही तर घेऊ नका, नंबर कितीही लहान असो. रेघेची बारीकी टोकावर असते, म्हणून नवख्यांना भुरळ घालणारा तीन शून्यांचा ब्रश घेण्याची गरज नाही. त्यात पाणीच मावत नाही आणि आपल्या हवेत तो कागदावर टेकेपर्यंत सुकतो.

याशिवाय २एच आणि एचबी पेन्सिल, मळता येणारं खोडरबर, ट्रेसिंग पेपर, कंपासपेटीतला दुभाजक, १५ सेंमीची स्टीलची पट्टी, दहा पटीचं भिंग, चिमटा, पाण्याची दोन भांडी आणि जुना सुती कपडा. बोअरचं पाणी जड असेल तर रंगात वापरू नका. क्षारांमुळे काही रंगद्रव्यं गुठळतात आणि पॅलेटवर पांढरा थर राहतो. फिल्टरचं पाणी बाटलीत सोबत न्या. उन्हाळ्यात डबीतले रंग तडकून खड्यांसारखे सुटतात. ट्यूबमधून रंग भरताना प्रत्येक खणात ग्लिसरीनचा एकच थेंब काडीने मिसळला की ते टिकतात. जास्त झालं तर रंग कधीच नीट सुकत नाही आणि थर चिकट राहतो.

रानात काय करायचं

सकाळी सात ते नऊ. नंतर ऊन चढतं, फुलांचा रंग डोळ्याला फिका दिसायला लागतो आणि केन्यासारखी फुलं दुपारपर्यंत मिटून जातात.

वहीच्या पानावर आधी लिहा: तारीख, गाव, जमीन काळी की मुरमाड, झाडाची उंची, सावली की ऊन, आणि तिथल्या माणसांनी सांगितलेलं नाव. अहिराणीत कुणी 'पयस' म्हटलं तर तसंच उतरवा. मग मोजणी. पाकळ्या किती, पुंकेसर किती, पानं समोरासमोर की आळीपाळीने, देठ आहे की पान थेट खोडाला, खोड गोल की चौकोनी, लव कुठे आहे. तुंब्याचं खोड बोटांत फिरवून बघा, चार कडा लागतील. चित्रात ते गोल रंगवलं की झाडाचं कूळच बदलतं.

फोटो घ्या, पण रंगासाठी त्यावर विसंबू नका. मोबाइलचा कॅमेरा पळसाचा केशरी भडक लाल करतो आणि केन्याचा निळा जांभळ्याकडे झुकवतो. रंग तिथेच, सावलीत, चित्राच्याच कागदाच्या पट्टीवर जुळवा आणि पट्टी फुलाला टेकवून खात्री करा. फोटोचा उपयोग फांदीचा बाक आणि फुलांची मांडणी आठवायला.

नमुना घरी न्यायचा तर ओल्या कपड्यात देठ गुंडाळून झाकणाच्या डब्यात ठेवा. गाडीच्या डिकीत अर्धा तासही ठेवू नका.

पळस, पहिल्यापासून शेवटपर्यंत

१. झाडाखालची सकाळची तीन-चार ताजी फुलं उचला. एक सुटं करायला, बाकीची वेगवेगळ्या बाजूंनी बघायला. घोसाची मांडणी मात्र झाडावरच बघून रेखावी लागते: दांड्यावर गाठी असतात आणि प्रत्येक गाठीवर दोन-तीन फुलं एकत्र येतात. हे न बघता काढलेला घोस मक्याच्या कणसासारखा दिसतो.

२. एक फूल चिमट्याने उलगडा. पाच पाकळ्या आहेत: मागे वळलेली मोठी ध्वज पाकळी, दोन बाजूंचे दोन पंख, आणि दोन पाकळ्या जुळून झालेली बाकदार नौका, जी लांबून पोपटाच्या चोचीसारखी दिसते. नौकेच्या आत दहा पुंकेसर, नऊ जोडलेले आणि एक सुटा. चित्रात पुंकेसर दिसणार नाहीत, पण नौका आतून पोकळ आहे हे कळल्यावर तिची सावली आपोआप बरोबर पडते. दुभाजकाने लांबी घ्या आणि पहिलं चित्र मूळ आकारातच करा.

३. वहीत २एचने आधी प्रत्येक फुलाची फक्त अक्षरेषा काढा, देठापासून नौकेच्या टोकापर्यंतचा एक बाक. सगळे बाक एकमेकांशी जुळले की मग पाकळ्या. निदान एक फूल पूर्ण बाजूने, एक समोरून, आणि चार-पाच कळ्या घ्या.

४. रेखाटन ट्रेसिंग पेपरने चांगल्या कागदावर उतरवा. मग मळून मऊ केलेलं खोडरबर रेघेवर दाबून उचला, घासू नका. रेघ जेमतेम दिसावी. पिवळ्या-केशरी वॉशखाली पेन्सिल राहिली की ती कायमची अडकते आणि कडेला मळकट करडा रंग धरते.

५. कागदाच्या दोन्ही बाजू स्पंजाने भिजवून तो अ‍ॅक्रिलिकच्या शीटवर किंवा गुळगुळीत लादीवर पसरवा. वरचं जादा पाणी कपड्याने टिपून घ्या. खालची बाजू ओली राहिली की वरची हळू सुकते, आणि आपल्या हवेत हा उपाय फवाऱ्यापेक्षा भरवशाचा आहे. पंखा बंद. कूलर सुरू असला तर कागदाकडे वारा नको.

६. पहिला थर. उबदार पिवळा दोन भाग, शेंदरी एक भाग, पातळ ताकाइतकं दाट. मिश्रण लागेल त्याच्या दुप्पट करून ठेवा, अर्ध्यात संपलं तर तोच रंग पुन्हा जुळत नाही. एका वेळी एकच पाकळी: स्वच्छ पाण्याने भिजवा, चकाकी मंदावली की देठाकडून रंग सोडा आणि ध्वजाच्या वाकलेल्या भागावर कागद जवळजवळ उघडा ठेवा. लागून असलेली पाकळी लगेच घेऊ नका, घोसातली दुसरीकडची घ्या. म्हणजे ओल्या कडा एकमेकींत वाहणार नाहीत.

७. थर पूर्ण सुकू द्या. हाताच्या पाठीने हलकं टेकून बघा, गार लागलं तर आत ओल आहे. सावलीसाठी त्याच मिश्रणात थोडा क्विनाक्रिडोन गुलाबी घाला. सगळ्यात खोल भागात, नौकेखाली आणि पंखांच्या फटीत, त्यात अल्ट्रामरीनची टोकभर भर. केशरी आणि निळा एकमेकांना मारतात, म्हणून निळा जरा वाढला तरी फुलाची जिवंत सावली तपकिरी डाग होते.

८. पाकळ्यांवर बाहेरून रेशमी लव असते आणि तिच्यामुळे रंग किंचित चंदेरी दिसतो. पांढऱ्या रंगाने केस काढू नका. ४ नंबरचा ब्रश कपड्यावर जवळजवळ कोरडा करून, लांबीच्या दिशेने तुटक रेघा ओढा आणि मधला फिका थर उघडा राहू द्या.

९. निदलपुंज, म्हणजे पाकळ्यांच्या तळाशी असलेली वाटी, हा या चित्राचा खरा कस. तो मखमली, काळपट तपकिरी, जरा शेवाळी झाक असलेला असतो. केशरी इतका पेटलेला दिसतो तो या गडदपणामुळेच. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना समसमान, थोडा थंड पिवळा, आणि पाणी अगदी कमी. एकाच थरात गडद करायला जाऊ नका, दोन थर द्या. उजेडाकडची कड फिकी सोडा, नाहीतर मखमलीचं डांबर होतं.

१०. फांदी करडी-तपकिरी आणि बहुतेक उघडी. पळसाला पानं तीनच हे खरं, पण होळीच्या दिवसांत ती बरीचशी गळलेली असतात. शोभेसाठी हिरवी पानं घालू नका. पान दाखवायचंच असेल तर पावसाळ्यात वेगळं रेखा आणि त्याच कागदावर वेगळ्या तारखेने जोडा: मधली पर्णिका देठाची आणि रुंद, बाजूच्या दोन तळाशी तिरक्या.

पिवळी, पांढरी, निळी

पिवळ्या फुलाच्या सावलीत काळा घातला की ती हिरवी पडते. बहावा आणि तरवड यांना सावली देताना गुलाबी आणि अल्ट्रामरीनचा अतिशय पातळ जांभळा किंवा बर्न्ट सिएनाची झाक वापरा. बहाव्याचे दहा पुंकेसर तीन मापांचे असतात: तीन लांब आणि वळलेले, चार मध्यम, तीन आखूड. सगळे सारखे काढले की फूल खोटं पडतं. लोंबत्या घोसात वरची फुलं उमललेली आणि खालच्या टोकाला कळ्या, हा क्रम कागद फिरवून काम करताना उलटा होतो, तेव्हा लक्ष ठेवा.

तुंब्याचं फूल पांढरं, म्हणजे ते कागदाचंच. त्याला रंगवायचं नसतं, भोवतालची हिरवी पानं रंगवून त्याला जागा मोकळी ठेवायची असते. आतल्या सावलीला अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएनाचं पाण्यासारखं करडं पुरतं. मास्किंग फ्लुइड (जागा कोरी राखायला लावायचा रबरी द्रव) लावलं तर काम उरकताच काढा. उन्हात किंवा तापलेल्या खोलीत दिवसभर राहिलं की ते कागदात मुरतं आणि काढताना पृष्ठभाग घेऊन येतं.

केन्याला दोन मोठ्या निळ्या पाकळ्या आणि तिसरी लहान असते. निळ्यासाठी अल्ट्रामरीन आणि गुलाबीचा अंश. थॅलो वापरला तर हिरवट झाक येते आणि फूल केन्याचं राहत नाही. फूल मिटायच्या आत रंगपट्टी पूर्ण करा, पानं आणि फुलाखालचं घडी घातलेलं छद पान नंतर निवांत रंगवता येतं. निंदणीत उपटलेलं रोप मिळालं तर मुळं धुऊन बघा: केन्याला जमिनीखालीही न उमलणारी फुलं येतात. ती चित्रात आली तर चित्राचं मोल वाढतं.

कुर्डूचं कणीस खालून वर फुलत जातं. खालचा जुना भाग चंदेरी पांढरा होतो, गुलाबी शेंड्याकडे उरतो. पूर्ण कणीस गुलाबी करणं ही नेहमीची चूक.

हिरवा तयार ट्यूबमधून घेऊ नका. अल्ट्रामरीन आणि थंड पिवळा यांचा हिरवा बहुतेक पानांना चालतो, आणि चिमूटभर बर्न्ट सिएना घातली की तो आपल्या मातीतला दिसतो. रुईच्या पानावर पांढुरकी साय असते. तिथे आधी अल्ट्रामरीनचा फिका थर द्या आणि तो सुकल्यावर वरून पातळ हिरवा.

कळलावी

हिच्यासाठी वेगळा इशारा. कळलावीचे सर्व भाग विषारी आहेत आणि कंद सर्वांत जास्त. हाताळल्यावर साबणाने हात धुवा, नमुना मुलांपासून दूर ठेवा, आणि टोक करायला ब्रश ओठांत धरण्याची सवय असेल तर ती आजच सोडा. रुईचा चीकही डोळ्यांना घातक, तिथेही हेच.

रंगवताना अडचण अशी की फूल दिवसागणिक रंग बदलतं. सहा लाटदार पाकळ्या आधी हिरवट पिवळ्या असतात, मग टोकाकडून लाल होत शेवटी जवळजवळ पूर्ण लाल होतात. एकाच वेलावर तीन अवस्थांची फुलं निवडा. पिवळा आधी पूर्ण पाकळीभर द्या आणि तो ओलसर असतानाच टोकाकडून लाल सोडा. उलट क्रमाने गेलात तर पिवळा मळतो. परागवाहिनी (स्त्रीकेसराचा दांडा) तळाशी जवळजवळ काटकोनात वळते, आणि पानाचं टोक लांबून तणाव्यासारखं गुंडाळतं. या दोन खुणा सुटल्या तर बाकी सगळं बरोबर असूनही कळलावी वाटत नाही.

बिघडतं कुठे

पाकळीत फुलकोबीसारखा डाग उठला तर समजा की अर्धवट सुकलेल्या थरावर जास्त ओला ब्रश टेकला. ओल्या ब्रशचं पाणी रंगद्रव्याला बाहेर ढकलतं. तिथल्या तिथे पुसू नका. पूर्ण सुकू द्या, मग ओलसर ब्रशने कड मऊ करा. कडक रेघ पडत असेल तर एका वेळी हाती घेतलेला भाग मोठा आहे, तो निम्मा करा. रंग मळकट झाला तर मिश्रणात गरजेपेक्षा जास्त रंगद्रव्यं गेली आहेत किंवा धुण्याचं पाणी घाण आहे. दोन भांडी त्यासाठीच: एकात ब्रश धुवायचा, दुसऱ्यातलं पाणी फक्त रंगात घालायचं.

कागदाला लाट येत असेल तर पुढच्या वेळी तो आधी ताणून घ्या: गार पाण्यात पाचेक मिनिटं भिजवून १२ मिमी प्लायवर चारही कडांना गमटेप (ओली करून चिकटवायची कागदी टेप), आणि सपाट ठेवून सावलीत सुकवणं. उन्हात ठेवला तर एक कड आधी आकसते आणि टेप सुटते. पावसाळ्यात उलट त्रास: थर सुकत नाही, आणि दमट राहिलेल्या कागदाचं खळीचं अस्तर खराब होऊन रंग शाईसारखा आत शोषला जातो. न वापरलेला कागद जूनपूर्वीच सिलिका जेलच्या पुड्यांसह प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करा, आणि रंगाची डबी काम झाल्यावर उघडी ठेवून पूर्ण सुकल्याशिवाय मिटू नका, नाहीतर बुरशी येते.

चित्र झाल्यावर

कागदाच्या खालच्या कोपऱ्यात पेन्सिलने मराठी नाव, शास्त्रीय नाव, गाव-तालुका, तारीख आणि प्रमाण लिहा. मूळ आकार असेल तर ×१, विष्णुक्रांता तिप्पट काढली असेल तर ×३. शास्त्रीय नावाची खात्री नसेल तर जवळच्या महाविद्यालयातल्या वनस्पतिशास्त्र विभागात चित्र आणि वहीतलं मोजणीचं पान दोन्ही घेऊन जा. मोजणी असली की नुसत्या चित्रापेक्षा ओळख लवकर पटते.

फ्रेम करताना काच कागदाला चिकटू देऊ नका, मधे माउंटची (चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीची) दोन-तीन मिमी जाडी ठेवा, कारण पावसाळ्यात काचेच्या आत ओल धरते आणि रंग काचेला लागतो. पश्चिमेचं ऊन येणारी भिंत नको. फ्रेम न केलेली चित्रं आम्लरहित कागद मधे घालून आडवी ठेवा आणि पावसाळा संपला की एकदा सगळी बाहेर काढून कसर लागली आहे का ते बघा.